साइड स्टँड

जानेवारीतली सकाळ होती, गाडीच्या सीटवर दव साचून फडकं पिळायची वेळ येते तसली, आणि मी माझी गाडी पुसता पुसता सहज शेजारी बघितलं तर आप्पांची अ‍ॅक्टिव्हा साइड स्टँडवर उभी होती. बास, एवढंच. दुसऱ्या कुणाच्या घरात ह्याला कुणी गोष्टसुद्धा म्हणणार नाही, पण आमच्या घरात ही बातमी आहे. आप्पा म्हणजे माझे सासरे, वय ७६, आणि माझ्या लग्नाला २१ वर्षं झाली त्यात एकदाही मी त्यांची गाडी डबल स्टँडशिवाय उभी असलेली बघितलेली नाही. आधी चेतक होती तेव्हाही नाही. साइड स्टँडवर लावलेली गाडी दिसली की ते थांबून विचारायचे, "ही काय टपरीला टेकून चहा पितीये का?" माझ्या गाडीला हे रोज ऐकावं लागायचं. मी हसून सोडून द्यायचे कारण मला डबल स्टँड कधी लावताच आलेला नाही, एकदा कॉलेजात असताना प्रयत्न केला होता, गाडी अंगावर आली, विषय संपला.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे घाईत असतील. आप्पा आणि घाई! जो माणूस दूधवाल्याच्या हिशोबाची बेरीज दोनदा तपासतो त्याला कसली आलीये घाई. दुसऱ्या दिवशीही साइड स्टँड, तिसऱ्या दिवशीही. आणि मग मला एकेक करून बाकीचं पण दिसायला लागलं, म्हणजे ते आधीपासून होतंच, मी बघत नव्हते. सोफ्यावरून उठायच्या आधी आप्पा जरा पुढे सरकतात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात, ओठ हलतात, बहुतेक मनात एक-दोन-तीन म्हणतात, आणि मग उठतात. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं उघडणं हे वर्षानुवर्षं त्यांचं खातं होतं, आता बरणी पुढे केली की म्हणतात गरम पाण्यात धर, रबर चिकटलंय. भाजीची पिशवी आणली की वाटेत एकदा खाली टेकवतात, कारण हल्लीच्या पिशव्यांचे बंद हाताला कापतात. सोफा खोल आहे, रबर चिकटलंय, बंद कापतात, गाडीचा स्टँड गंजलाय. सगळा दोष वस्तूंचा. आणि मी रोज मान डोलावत होते, खरंच की, स्टँडला तेल घालायला पाहिजे.

आणि हा माणूस रोज चालतो हो. इथेच तर माझं डोकं अडलं. रिटायर झाल्यापासून रोज पहाटे साडेपाचला नाशिकचं गोल्फ क्लब मैदान, डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, चाळीस मिनिटं घड्याळ लावून. पाऊस असला तर छत्री घेऊन. त्यांचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे, सगळे रिटायर्ड, चालण्याचा वेग हा त्या दिवशीच्या राजकारणावर अवलंबून, निवडणूक असली की हळू कारण मुद्दा पटवायला मध्ये मध्ये थांबावं लागतं. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलेय. ट्रॅकच्या कडेला असतात तशी हिरवी-पिवळी व्यायामाची यंत्रं, त्यांचा ग्रुपला उपयोग एकच, स्वेटर अडकवायचे. आम्हाला सगळ्यांना आप्पांच्या चालण्याचा अभिमान होता. पाहुण्यांना सांगायचो, अजून रोज चालतात बरं का, आणि पाहुणे म्हणायचे वा, म्हणूनच तब्येत ठेवून आहेत. शुगर नाही, बीपीची एक गोळी. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी करायचे, रविवारी रात्री निघायचं आणि चिखलातून वीसेक किलोमीटर चालून सकाळी त्र्यंबकला गरम भजी खायची. मग अशा माणसाला गाडी स्टँडवर का चढवता येऊ नये?

त्यांचे हात मला माहितीयेत. सातपूरला एका कारखान्यात ३४ वर्षं टर्नर होते, लेथवर. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरातला एक नळ गळत होता, मी पान्हा शोधतीये तोवर ह्यांनी नुसत्या हातानं तो आवळला आणि नंतर प्लंबर आला त्याला पान्ह्यानं सुटेना. त्या आधीचे आप्पा मी बघितले नाहीत, फक्त ऐकलेत, तिवंध्याजवळच्या वाड्यात वाढलेले, जिना असा उभा की दोर धरून चढायचा, पहाटे तालमीत जोर-बैठका, मग गंगेवर आंघोळ. गोदावरी नाही म्हणायचे ते, गंगाच, जुने नाशिककर कुणीच म्हणत नाहीत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की पुलावरून पुरात उडी मारणाऱ्या पोरांत ते पण असायचे, हे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजूनही रागाने सांगतात आणि आप्पा अजूनही त्यावर खूश होतात. मला वाटतं म्हणूनच साइड स्टँड मनात रुतला.

शेवटी मी खोटं बोलले. माझा खांदा दुखत होता, तो खरंच दुखत होता म्हणा, पण त्याचं निमित्त करून आप्पांना म्हटलं सोबत चला मला, फिजिओकडे जायचंय. ती मुलगी जेमतेम अठ्ठावीसची असेल, तिला मी आधी फोनवर सांगून ठेवलं होतं. माझा खांदा बघून झाल्यावर ती सहज म्हणाली, काका आलेच आहात तर तुमचं पण बघू, आणि त्यांना एका बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घडी, आणि म्हणाली पाच वेळा उठा-बसा, जमेल तितक्या भराभर. आप्पा आधी हसले. म्हणाले, अहो ह्याला आम्ही तालमीत बैठका म्हणायचो, आणि ही तर अर्धीच आहे, शंभर-शंभर मारायचो. पहिली झाली. दुसरीला अंग पुढे फेकावं लागलं. तिसरीला घडी सुटली आणि हात आपोआप मांडीवर गेला, तिनं सांगितलं काका हात नाही, आणि ते परत बसले, आणि त्या क्षणी त्यांचा चेहरा मी बघितला, मग मी उगीच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. पाच व्हायला सोळा सेकंद लागले. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ह्यासाठी जी रेघ आखलीये ती बारा सेकंदांची, बारा किंवा त्याहून जास्त लागले तर लक्ष द्यायचं. मग तिनं हातात दाबायचं यंत्र दिलं, डायनॅमोमीटर. पुरुषांसाठी रेघ २८ किलोची. आप्पांनी दात आवळून दाबलं, २३. टर्नरचा हात, २३.

म्हटलं मला द्या जरा. माझं आलं १९. बायकांसाठी रेघ १८ ची आहे आणि मी ४६ वर्षांची आहे.

तिनं जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे धागे असतात, एक सावकाश आणि दीर्घकाळ चालणारे, दुसरे झटका देणारे. वय वाढतं तसे झटकेवाले आधी बारीक होत जातात. सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालायला सावकाशवाले पुरतात, त्यामुळे चालणं शाबूत राहतं आणि माणसाला वाटतं सगळं शाबूत आहे. पण खुर्चीतून उठणं, जिना चढणं, ठेच लागल्यावर पुढचा पाय पटकन टाकून स्वतःला सावरणं, गाडी स्टँडवर घेणं, हे सगळं झटकेवाल्यांचं काम. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर आणखी वेगाने, आणि ताकद तर स्नायूंच्याही पुढे धावत उतरते. आप्पा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे मोटर फिरतीये, स्टार्टिंग टॉर्क गेलाय, सुरुवातीचा झटका." ती मुलगी दोन सेकंद गप्प झाली आणि म्हणाली काका हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार.

ह्या झिजण्याला नाव पण फार उशिरा मिळालंय, सारकोपेनिया, १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन संशोधकाने ग्रीक शब्द जोडून बनवलेलं, मांस आणि उणीव. आपल्याकडे त्याला अंग उतरणं म्हणतात, जोर राहिला नाही म्हणतात, आणि बहुतेक वेळा वय झालं म्हणतात आणि तिथेच थांबतात. जोर हा शब्द किती चांगला आहे बघा, ताकदीलाही जोर आणि ती ज्यातून येते त्या व्यायामालाही जोर. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना पण तेच म्हणतात, ६५ च्या पुढच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखी हालचाल करावी हे तर आहेच, पण शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा. आप्पांचं रोजचं चाळीस मिनिटं म्हणजे २८०, पहिल्या विषयात डिस्टिंक्शन. बाकीच्या दोन पेपरांना गैरहजर. आणि हॉलतिकीट आम्हीच लपवून ठेवलेलं.

हो, आम्हीच. हे मला त्या रात्री लक्षात आलं आणि मग झोप लागली नाही.

तीन वर्षांपूर्वी आप्पांना डेंग्यू झाला होता. प्लेटलेट उतरल्या, मग चढल्या, ताप सहाव्या दिवशी गेला, डॉक्टर म्हणाले घरात हळूहळू हिंडू-फिरू द्या. पण आम्ही, आणि आम्ही म्हणजे मुख्यतः मी, त्यांना नंतर दहा दिवस पलंगावरून हलू दिलं नाही. पाणी हातात, जेवण हातात, टीव्हीचा रिमोट हातात, बाथरूमला जातानासुद्धा नवऱ्याचा हात. ते म्हणायचे अगं मी ठीक आहे आणि मी म्हणायचे बसा हो तुम्ही. आत्ता मोबाइलवर वाचत बसले तर सापडलं, २००७ मध्ये अमेरिकेत बारा धडधाकट ज्येष्ठांना मुद्दाम दहा दिवस अंथरुणात ठेवून मोजलं, तर एकट्या पायांतून सरासरी किलोभर स्नायू गेला होता. दहा दिवसांत, आजार नसताना. मी आठवायचा प्रयत्न केला, आप्पांनी ब्रह्मगिरीला जाणं आधीच सोडलं होतं, पण सोफ्यावरून उठताना गुडघ्यांवर हात ठेवणं कधी सुरू झालं? डेंग्यूनंतर, बहुतेक. मला खात्रीने सांगता येत नाही आणि आता सांगून उपयोग पण नाही, पण रात्री दोन वाजता माणूस न्यायाधीशच होतो.

आणि डेंग्यू हा तर एक प्रसंग, बाकीचं आम्ही हप्त्याहप्त्याने केलंय. वाढदिवस, दिवाळी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, दर वेळी एकेक वजन त्यांच्या आयुष्यातून काढून घेतलं. दळणाचा डबा घेऊन गिरणीत जायचे, म्हणून घरघंटी आणली. चेतकची किक मारायला लागायची, गाडी कुशीवर कलवून, म्हणून बटनस्टार्टची अ‍ॅक्टिव्हा. पाटावर बसून जेवायचे, डायनिंग टेबल आणलं. देवघर जमिनीलगत होतं, सुताराला सांगून उंच केलं, आता आप्पा उभ्याने पूजा करतात. कमोड बसवला. महिन्याचा किराणा मोबाइलवरून. बिल्डिंगला लिफ्ट आली तेव्हा तर आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. ह्यातली एकही गोष्ट वाईट हेतूने केली नाही, उलट प्रत्येकीत प्रेम आहे, ईएमआय पण आहे. आणि आईंच्या गुडघ्यांसाठी त्यातल्या निम्म्या गोष्टी खरोखर गरजेच्या होत्या, ते पण खरंय, कमोड मी परत काढणार नाहीये. पण दिवसातून वीस-पंचवीस वेळा जमिनीपर्यंत जाऊन परत वर येणारा माणूस आमच्या डोळ्यांदेखत दीड फुटाच्या खाली जाईनासा झाला, आणि आम्ही त्याला आराम म्हणत होतो.

फिजिओने जे दिलं ते इतकं साधं होतं की मला जरा फसवल्यासारखंच वाटलं. खुर्चीतून हात न लावता उठा-बसा, दहाचे दोन सेट, एक दिवसाआड. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. भिंतीला हात टेकून उभ्याने जोर. दात घासताना एका पायावर, बेसिनला एक बोट लावून. एक रबरी पट्टा ओढायला. अट एकच, शेवटची दोन-तीन वेळ जड गेली पाहिजे, सोपं वाटायला लागलं की वाढवायचं, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी एक जुनी डायरी काढली, कारखान्यातल्या इन्स्पेक्शन शीटसारखे रकाने आखले, तारीख, खुर्ची, टाच, भिंत, शेरा. हात टेकून झालेली बैठक मोजायची नाही, शेऱ्यात "रिजेक्ट" लिहायचं. पहिल्या पानावर मी चोरून बघितलं, खुर्ची ७, रिजेक्ट ४. जो माणूस डॉक्टरांनासुद्धा फारसा भाव देत नाही तो स्वतःलाच रिजेक्ट करत होता आणि त्याची नोंद ठेवत होता, मला हसू पण आलं आणि पोटात तुटलं पण.

मध्येच एकदा त्यांचा उत्साह गेला. म्हणाले ह्या वयात काय आता, गंज चढलेल्या लोखंडाला पॉलिश. तेव्हा मी त्यांना बोस्टनची गोष्ट वाचून दाखवली. १९९० साली तिथल्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, वय नव्वदीच्या आसपास, थकलेले, काही काठी घेऊन चालणारे, पायांसाठी वजनाचा व्यायाम दिला, तोही हलकाफुलका नाही, चांगला जड. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. एक जण मध्येच थांबला, नऊ जणांनी पूर्ण केलं. मारिया फियाटारोन नावाच्या डॉक्टर होत्या ह्या अभ्यासात पुढे. आप्पांनी चष्मा वर करून विचारलं, "नव्वदीचे?" म्हटलं हो. "मग मी तर अजून अप्रेंटिस." आणि संध्याकाळी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

जेवणावर मात्र भांडणं झाली. रात्रीचं जेवण म्हणजे आमच्याकडे दूध-पोळी किंवा मऊ खिचडी, म्हाताऱ्या माणसाला जड पचत नाही ह्या तत्त्वावर. पण स्नायू बांधायला प्रोटीन लागतं, ह्या वयात वजनाच्या दर किलोला साधारण एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे आप्पांच्या ६२ किलोंना निदान साठ-पासष्ट ग्रॅम तरी, आणि ते दूध-पोळीत येत नाही. (ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.) आता मटकीची उसळ, पनीर, दही, रविवारी अंडी. आप्पांचं म्हणणं असं की मटकी खायचीच तर मिसळ का नाही, आणि ह्या मुद्द्यावर नाशकात राहून कुणाला जिंकता येत नाही.

खरा त्रास झाला तो दळणावरून. मार्चमध्ये मी घरघंटीवर कापड टाकलं आणि आप्पांना म्हटलं, आठवड्यातून दोनदा तीन किलो गहू गिरणीतून दळून आणाल का, जिन्याने? ते माझ्याकडे बघतच राहिले, मग डबा शोधायला लागले, तो जुना पितळी कडीचा डबा आईंनी माळ्यावर ठेवला होता. मला वाटलं होतं त्यांना ऐकायला अवघड जाईल, पण मला सांगायला अवघड गेलं, त्यांना ऐकायला नाही. अवघड इतरांना गेलं. तिसऱ्या खेपेला समोरच्या काकू लिफ्टपाशी उभ्या होत्या, आप्पा डबा घेऊन जिन्याने चढताना बघून म्हणाल्या, अहो आप्पा तुम्ही? सुनेला नाही का वेळ? आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्या नणंदेला पुण्यात माहीत. तिचा फोन आला, चांगली आहे हो ती, आवाज न चढवता म्हणाली, वहिनी काही अडचण आहे का घरात, मी पैसे पाठवू का गिरणीचे? मी तिला डायनॅमोमीटर, बारा सेकंद, झटकेवाले धागे सगळं सांगितलं. ती म्हणाली हो ते ठीक आहे, पण लोकांना कुठे माहितीये. खरंय. सुनेनं सासऱ्याला बसवून ठेवलं की ती गुणाची, आणि हातात डबा दिला की कामाला लावलं. एकवीस वर्षं मी "बसा हो तुम्ही" म्हणत आले त्यात प्रेम किती होतं आणि समोरच्या काकू किती होत्या, हा हिशोब मी मांडायला घेतला आणि अर्धवट सोडून दिला.

पण कष्ट म्हणजेच ताकद असंही मला म्हणवत नाही, कारण माझं माहेर निफाडकडचं आहे. माझी काकू ७२ ची आहे आणि अजून द्राक्षबागेत जाते. ऑक्टोबर छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग विरळणी, दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभं राहायचं, मान मागे. तिनं हात धरला तर सुटत नाही, तिच्या हातात ते यंत्र दिलं असतं तर आप्पांना लाज वाटली असती. पण तिचे गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेत, कंबर सरळ होत नाही, आणि रात्री ती मुलीला सांगते पायावर उभी राहा जरा. तिला कुणी दहाचे दोन सेट आणि एक दिवस सुट्टी असं दिलं नाही, वजन वाढवायचं की थांबायचं हे तिच्या शरीरानं नाही, बागेनं ठरवलं. म्हणून कुणी म्हणालं ना की पूर्वीच्या बायका बघा कशा टणक, जात्यावर दळायच्या, तेव्हा मला काकूचे गुडघेच आठवतात. आणि हे पण खरं की त्याच काकूला मी मागच्या संक्रांतीला जमिनीवरून, कडेवर नातू, हात न टेकता उठताना बघितलंय. दोन्ही खरं आहे. मला त्यातून एक काही काढता येत नाही.

एप्रिलमध्ये उन्हं वाढली, आप्पांचा उजवा गुडघा सुजला, अडीच आठवडे सगळं बंद. डायरीत रोज तारीख आणि पुढे रेघ, रेघ, रेघ. मला मनातून वाटलं संपलं, आणि खरं सांगायचं तर थोडंसं हायसं पण वाटलं, समोरच्या काकूंना तोंड द्यायला नको. मे महिन्यात त्यांनीच खुर्ची परत भिंतीला लावली, पाचपासून. फिजिओने खाली उशी घालून खुर्ची उंच करायला सांगितली, आठवड्याने उशी काढली. लेकीची सुट्टी होती, ती समोर बसून मोजायची, "आप्पा, चीटिंग, हात लागला," आणि आप्पा निमूटपणे लिहायचे. जूनमध्ये परत क्लिनिकला गेलो. खुर्ची अकरा सेकंद. मूठ २५, रेघेच्या अजून खालीच. आप्पांनी अकरा ऐकून काही केलं नाही, २५ ऐकून यंत्र उलटंसुलटं करून बघितलं, म्हणाले कॅलिब्रेट कधी केलंय हे?

परवा पहिला दणकून पाऊस झाला. सकाळी ऑफिसला निघाले तर पार्किंगमध्ये पाणी साचलेलं आणि आप्पांची अ‍ॅक्टिव्हा मधोमध, डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. मी तिथेच रेनकोट अर्धा घालून उभी. मागून आप्पा आले, चालून येत होते, माकडटोपी ओली. म्हटलं आप्पा, लागला? ते म्हणाले लागतो कधी कधी, दहातून सहा वेळा, आणि त्यात जोर हाताचा नसतोच, तू समजतेस तसा, पाय स्टँडवर ठेवायचा आणि आपलं सगळं वजन त्या पायावर टाकायचं, हातांनी नुसतं धरायचं. मला जे वजन टाकायला भ्यायला व्हायचं ना, म्हणाले, पाय धरेल की नाही. जानेवारीत मला हे सुचलंच नव्हतं. मी ताकद ताकद करत होते आणि ते भीत होते.

मग त्यांनी माझ्या गाडीकडे बघितलं, पाण्यात एका बाजूला कललेली, चहा पीत. "लाव," म्हणाले. ऑफिसला उशीर होत होता. पहिल्यांदा पाय घसरला, दुसऱ्यांदा गाडी थोडी उचलली आणि परत बसली, तिसऱ्यांदा माझ्या तोंडून असा आवाज निघाला की वॉचमन केबिनमधून डोकावला. आप्पांनी मदत केली नाही, एक पाऊल सुद्धा पुढे आले नाहीत. शर्टाच्या आत ठेवलेली डायरी काढली, मागून एक कोरं पान उघडलं, वर माझं नाव लिहिलं, तारीख टाकली, आणि स्टँडच्या रकान्यात शून्य.

"उद्या सहाला खाली ये," म्हणाले. "चावी आणायची गरज नाही."